नाताळगीत (कॅरल)

नाताळगीत : ख्रिस्तजन्माच्या सणात समूहाने गाइले जाणारे गीत. ‘नाताळ’ हा मराठी शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. इंग्रजी ‘कॅरल’चा मात्र मुळात या सणाशी संबंध नाही. जुन्या फ्रेंचमध्ये ‘कॅरोल’ म्हणजे हात गुंफून, फेर धरून गात केलेले नृत्य. त्यामागची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. काही विद्वान ती ग्रीक ‘खोराउलेस’ (समूहनृत्याला पाव्याची साथ करणारा) या शब्दाच्या लॅटिन रूपाशी जोडतात, तर काही लॅटिन ‘कोरोला’शी (छोटा मुकुट, फुलांचे कडे). फेराच्या वर्तुळामुळे दुसरे मत मोहक वाटते. तथापि नृत्याशी थेट नाते असल्याने पहिले अधिक ग्राह्य दिसते.

मध्ययुगीन इंग्लिश कॅरल ओळखावे ते विषयावरून नव्हे, घाटावरून, असे कॅरलांचे अभ्यासक आर. एल. ग्रीन यांनी १९३५ मध्ये मांडले. त्यांच्या मते ‘बर्डन’ म्हणजे ध्रुवपद हे त्याचे मुख्य लक्षण. मराठी पदाप्रमाणे ते आरंभी येते आणि प्रत्येक कडव्यानंतर परतते. कडव्यात बहुधा पहिल्या तीन ओळींचे यमक एक. चौथी ओळ ध्रुवपदाचे यमक घेऊन गायकांना परतीची खूण देते. म्हणूनच आझँकूर येथे इंग्लंडने फ्रान्सवर मिळवलेल्या विजयावरील (१४१५) गीतही कॅरलच ठरते. श्रॉपशरचा अंध धर्मगुरू जॉन ऑडली याच्या २५ कॅरलांच्या संग्रहातही (सु. १४२६) नाताळाबरोबर दहा आज्ञा व सात महापापे आहेत. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेच्चो येथे ख्रिस्तजन्माच्या गव्हाणीचा देखावा मांडला. फ्रान्सिस्कनांनी (त्याच्या पंथातील धर्मबंधूंनी) लोकभाषेतील धार्मिक गीतांना चालना दिली असावी, पण कॅरलचे जनकत्व त्यांना देणे धाडसाचे होईल.

प्युरिटन (कर्मठ प्रॉटेस्टंट सुधारक) राजवटीत, १६४७ मध्ये, इंग्लंडच्या संसदेने नाताळाचा सणच रद्द केला. पुढे डेव्हिस गिल्बर्ट (१८२२) व विल्यम सँडिस (१८३३) यांनी जुनी गीते संकलित केली. ऑस्ट्रियातील ‘श्टिले नाख्ट’ (इंग्रजीत ‘सायलेंट नाइट’) प्रथम ओबर्नडॉर्फ येथे २४ डिसेंबर १८१८ रोजी गाइले गेले. शब्द आणि चाल यांची सांगड पुष्कळदा योगायोगाने पडली. चार्ल्स वेस्लीच्या १७३९ मधील एका स्तोत्राला (आजचे ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’) विल्यम कमिंग्जने १८५५ मध्ये संगीतकार मेंडेल्सझोनने मुद्रणकलेच्या उत्सवासाठी केलेल्या रचनेची (१८४०) चाल जोडली. ती धार्मिक शब्दांना शोभणार नाही, असे खुद्द मेंडेल्सझोनचे मत होते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजातील बायबलमधील नऊ पाठ व गीतांची नाताळ-उपासना १९१८ पासूनची.

मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग व पदे रुळवण्याचे श्रेय प्रामुख्याने ना. वा. टिळक यांना जाते.