बेस गिटारच्या जुन्या नकला : ओळख व परीक्षण

फेंडर, गिब्सन, रिकनबॅकर, हॉफ्नर अशा नामांकित कंपन्यांच्या बेस गिटारांचे रूप उचलून, मुख्यतः १९६० ते १९८५ च्या दरम्यान, इतर कारखान्यांनी काढलेल्या वाद्यांना जुन्या नकला म्हणतात. अशा वाद्याचा कारखाना व काळ कोणता, त्यातले मूळचे भाग किती आणि मागाहून बसवलेले किती, हे ठरवणे म्हणजे त्याची ओळख पटवणे होय. येथे नक्कल आणि बनावट माल यांत फरक करावा लागतो. नकलेच्या हेडस्टॉकवर (खुंट्या बसवलेल्या वरच्या टोकावर) बहुधा तिचे स्वतःचे नाव असते. बनावट वाद्यावर मूळ कंपनीचे नाव फसवणुकीच्या हेतूने लावलेले असते. प्रत्यक्षात मात्र प्रामाणिकपणे विकली गेलेली एखादी नक्कल पुढच्या मालकाच्या हातून फेंडरचे नाव चिकटवून बनावट होऊ शकते, आणि परीक्षकापुढे येणारे अवघड नमुने बहुतेक याच जातीचे असतात.

नकलांसाठी मुख्यतः पुढील नमुने निवडले गेले : फेंडरचे १९५१ चे प्रिसिजन बेस व १९६० चे जॅझ बेस, हॉफ्नरचे व्हायोलिनच्या आकाराचे ५००/१ (१९५६), गिब्सनचे ईबी-० (१९५९) व ईबी-३ (१९६१), आणि रिकनबॅकरचे ४००१ (१९६१). पॉल मॅकार्टनीच्या हातातल्या हॉफ्नरमुळे १९६० च्या दशकात व्हायोलिनच्या आकाराला मोठी मागणी आली आणि जपानी कारखान्यांनी ती तत्परतेने पुरवली. आरंभीच्या या नकला ढोबळ होत्या. १९७० च्या दशकात त्या इतक्या सुधारल्या की काही बाबतीत त्या काळच्या अमेरिकी मूळ वाद्यांपेक्षा त्यांची बांधणी सरस ठरली.

हेडस्टॉकवरचे नाव पाहून कारखाना कळत नाही, ही या विषयातली पहिली अडचण. आयबनेझ हे होशिनो गक्की या व्यापारी कंपनीचे नाव. तिची वाद्ये प्रामुख्याने मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यात घडत. ग्रेको हे कांदा शोकाई कंपनीचे नाव होते. त्याच मात्सुमोतो शहरातील मात्सुमोकू कारखाना (१९८७ मध्ये बंद) आरिया, युनिव्हॉक्स व इतर अनेक नावांनी माल पुरवी. परदेशी आयातदार आपापली नावे घालून घेत असल्यामुळे एकाच कारखान्यातली दोन वाद्ये वेगळ्या नावांनी आढळतात, आणि एकच नाव वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कारखान्यांच्या मालावर सापडते. हामामात्सुची तोकाई कंपनी याला अपवाद होती, कारण ती स्वतःच्या नावाने स्वतःच घडवी. तिच्या प्रिसिजनच्या नकलेचे नाव ‘हार्ड पंचर’ आणि जॅझ बेसच्या नकलेचे ‘जॅझ साउंड’ असे होते.

या सगळ्या नकलांना सरसकट ‘लॉसूट’ (म्हणजे खटला) म्हणण्याची प्रथा बाजारात पडली आहे, पण तिला फारसा आधार नाही. गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने १९७७ मध्ये होशिनोच्या अमेरिकेतील वितरक कंपनीवर, म्हणजे एल्गरवर, फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. तो गिब्सनच्या हेडस्टॉकच्या आकारापुरता होता आणि पुढच्याच वर्षी तडजोडीने मिटला. फेंडर किंवा रिकनबॅकर यांच्या नकलांशी त्याचा संबंध नव्हता. विक्रेत्याच्या तोंडी हा शब्द आला की वाद्याची किंमत तेवढी वाढते, माहिती काहीच मिळत नाही.

परीक्षणाची सुरुवात जे बदलणे कठीण त्यापासून करावी. नावपट्टी, खुंट्या, ब्रिज (खालच्या बाजूला तारा टेकतात तो भाग), नॉब हे सारे तासाभरात बदलता येते. नेक (तारा दाबण्याची लांब दांडी) आणि बॉडी (वाद्याचे धड) यांचा सांधा तसा बदलता येत नाही. गिब्सन ईबी-३ चा नेक बॉडीत सरसाने बसवलेला असतो, तर रिकनबॅकर ४००१ चा नेक बॉडीतून थेट शेवटापर्यंत जातो. ईबीच्या किंवा ४००१ च्या आकाराच्या वाद्याची मागची बाजू पाहिली आणि तेथे चार स्क्रूंची धातूची पट्टी दिसली, तर पुढची तपासणी जवळजवळ अनावश्यक ठरते. उलट अनुमान मात्र काढू नये, कारण काही चांगल्या जपानी नकलांतही आरपार नेक होता. फेंडरच्या बाबतीत ही खूण निरुपयोगी आहे, कारण मूळ वाद्याचाच नेक स्क्रूने बसवलेला असतो. मात्सुमोकूच्या मालात या पट्टीवर ‘स्टील अ‍ॅडजस्टेबल नेक’ अशी अक्षरे वारंवार आढळतात. पट्टी सुटी असल्याने तिला दुय्यम पुरावा मानावे.

फेंडरच्या नकलांसाठी तारा सैल करून नेक काढावा लागतो. मूळ वाद्यात नेकच्या टाचेवर बहुधा तारखेचा शिक्का किंवा पेन्सिलीची नोंद मिळते. जपानी वाद्यात कारखान्याचे आकडे, क्वचित जपानी अक्षरांचा शिक्का असतो, किंवा काहीच नसते. मग पिकगार्ड (बॉडीवरची संरक्षक पट्टी) काढून तिच्याखालच्या खाचांच्या कडा बघाव्यात. फेंडरने अ‍ॅश व अल्डर ही लाकडे वापरली. स्वस्त नकलांत रंगाखाली प्लायवूड असते आणि खाचेच्या कापलेल्या कडेवर त्याचे थर एकावर एक स्पष्ट दिसतात. महाग नकलांत मात्र सेन नावाचे जपानी लाकूड येते, ज्याच्या रेषा अ‍ॅशसारख्याच असल्याने नवख्याची फसगत होते. रंगाच्या जाड, काचेसारख्या लेपावरून निष्कर्ष काढण्याची सवयही घातक आहे; फेंडरने स्वतः १९६० च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टरचा लेप स्वीकारला होता.

सर्वांत बोलका पुरावा विजेच्या भागांत असतो. अमेरिकी व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या, आवाज कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीवर आकड्यांची ओळ ठोकलेली असते. ती १३७६६३२ अशी असेल, तर १३७ म्हणजे सीटीएस ही उत्पादक कंपनी, ६६ म्हणजे १९६६ आणि ३२ म्हणजे त्या वर्षाचा बत्तिसावा आठवडा. स्टॅकपोल कंपनीचा क्रमांक ३०४. यातून वाद्य कधी बनले हे कळत नाही, त्या तारखेपूर्वी ते बनले नाही एवढेच कळते. फेंडरने १९६६ मध्ये पॉटचा प्रचंड साठा घेतल्यामुळे ते त्यानंतरच्या वर्षांतल्या वाद्यांतही निघतात. जपानी पॉट बहुधा आकाराने लहान असतात आणि त्यांचा दांडा ६ मिलिमीटरचा, खाचेदार असतो. अमेरिकी दांडा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा असतो. पॉट बदललेला असला तर जुन्या सोल्डरवर नवे सोल्डर चढल्याची खूण सहसा दिसते. पिकअपच्या (तारांच्या कंपनाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या भागाच्या) बाबतीत, १९५७ पासूनच्या मूळ प्रिसिजनमध्ये प्रत्येक तारेखाली अल्निको या मिश्रधातूच्या दोन चुंबकी कांड्या असतात. स्वस्त नकलेत लोखंडी कांड्या आणि त्यांच्याखाली एक सिरॅमिक चुंबकपट्टी असते. आयबनेझ व ग्रेकोच्या अनेक वाद्यांत निशिन ओन्पा कंपनीचे, म्हणजे मॅक्सनचे, पिकअप आहेत.

मोजपट्टीही उपयोगी पडते. नटपासून (हेडस्टॉकजवळच्या तारांच्या टेकूपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचे (नेकवरच्या बाराव्या आडव्या धातूपट्टीपर्यंतचे) अंतर दुप्पट केले की स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, मिळते : फेंडरचे ३४ इंच, रिकनबॅकरचे ३३ १/४, गिब्सन ईबीचे ३० १/२, हॉफ्नरचे ३०. प्रिसिजनच्या आकाराचे, पण ३० इंचांच्या आसपास स्केल असलेले वाद्य जुने आणि स्वस्त असण्याचीच शक्यता जास्त.

हॉफ्नरच्या नकला ओळखणे तुलनेने सोपे आहे. मूळ ५००/१ पोकळ असून त्याच्या पुढच्या पाटीवर ‘एफ’ आकाराची छिद्रे नसतात. पुष्कळ जपानी नकलांवर ती असतात. मूळ वाद्यावर सरकत्या बटणांची छोटी आयताकृती पट्टी असते, तर नकलेत बहुधा साधे नॉब व टॉगल स्विच येतात. अस्सल रिकनबॅकरचा अनुक्रमांक जॅकच्या पट्टीवर मिळतो; १९६१ पासून १९८६ पर्यंत त्याचे पहिले अक्षर वर्ष दाखवते (ए म्हणजे १९६१) आणि दुसरे अक्षर महिना.

नकलांचे अनुक्रमांक मात्र तितके भरवशाचे नाहीत. १९७५ पासून आयबनेझने महिन्यासाठी एक अक्षर आणि वर्षासाठी दोन आकडे ही पद्धत घेतली, म्हणून ‘सी७६’ने सुरू होणारा क्रमांक मार्च १९७६ चा. त्याआधीच्या आयबनेझ नकलांवर क्रमांक नसतो, त्यामुळे तेथे वर पाहिलेल्या खुणांवरच निर्णय सोपवावा लागतो.

१९८२ मध्ये फेंडरने कांदा शोकाई आणि यामानो गक्की यांच्यासह फेंडर जपान ही कंपनी काढली आणि वाद्ये घडवण्याचे काम फुजीगेनला दिले. तेव्हापासून नकला करणाऱ्या कारखान्यातूनच अधिकृत फेंडर बाहेर पडू लागले. म्हणून १९८० च्या दशकातील जपानी वाद्याच्या बाबतीत लाकूड, पॉट आणि स्क्रू यांचा जपानी उगम एवढ्यावरून ते नक्कल आहे असे म्हणता येत नाही. तेथे क्रमांकाची मालिका आणि हेडस्टॉकवरील मूळ छपाई तपासावी लागते.