एटीएफ फ्लश वेगळा, कूलर फ्लश वेगळा, कितीदा सांगायचं

"भावोजी, दुसरा गिअर परत घसरतोय." मेव्हण्याचा फोन. पिकअपचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्याने साकीनाक्याच्या गाळ्यात स्वतः उघडून भरला होता, क्लच प्लेटा नव्या, सील नवे, बुश नवे, काम खरंच सुबक होतं. मी पहिलं विचारलं, बॉक्सचं ऑइल गार करणारा कूलर फ्लश केला होतास का? तर म्हणे हो म्हणजे काय, बॉक्स चढवल्यावर गॅरेजमध्ये मशीनवर फ्लश करून घेतला, बिल आहे माझ्याकडे. झालं. बिलावर नुसतं 'फ्लश' लिहिलेलं असतं आणि सगळी गोम त्या एका शब्दात असते.

एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल. एटीएफ फ्लश तुम्हाला माहितीये, त्यामुळे पटकन. चांगल्या चालणाऱ्या बॉक्सचं ऑइल बदलायची ही एक पद्धत. नुसता चेंबर, म्हणजे बॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं, खोलून ऑइल सोडलं तर बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि बॉक्सला ऑइलमार्फत जोडणाऱ्या डब्यात, आणि पायपात तसंच राहतं, म्हणून मशीन कूलरच्या लाइनवर जोडतात, बॉक्सचा पंप जुनं बाहेर ढकलतो आणि मशीन तेवढंच नवं आत देतं. बस. ही सर्व्हिस आहे.

कूलर फ्लशमध्ये गिअरबॉक्स नसतोच मुळी. दोन्ही पाइप बॉक्सपासून सुटे, आणि धुवायचं ते फक्त कूलर आणि त्याचे पाइप. ऑइल बदलणं हा हेतूच नाही, आधीचा बॉक्स मरताना जी घाण कूलरमध्ये ढकलून गेला ती काढणं हा आहे. आणि हे नवा बॉक्स जोडायच्या आधी. आधी. मशीनवाला फ्लश बॉक्स जोडल्यावर होतो, तोपर्यंत इंजिन चालू झालेलं असतं आणि जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

आता खरी गाडी कुठे अडकते ते सांगतो, कारण हे ऐकूनही लोक म्हणतात, "अरे पण फिल्टर आहे ना, नवीन टाकलाय." ऑइल फिरतं कसं बघा. चेंबरमधून फिल्टरमार्गे पंपात, तिथून कन्व्हर्टरमध्ये, तापून कूलरकडे, आणि गार होऊन परत बॉक्समध्ये. परत म्हणजे नेमकं कुठे? सगळ्यांना वाटतं चेंबरमध्ये पडतं आणि मग फिल्टरमधून जातं. पिकअप आणि ट्रकच्या बहुतेक मागच्या चाकांवर चालणाऱ्या बॉक्समध्ये तसं नाहीये, कूलरचं परतीचं ऑइल थेट ल्युब्रिकेशनला जातं, म्हणजे बुश, बेअरिंग, प्लॅनेटरी गिअर, आणि तिथून गळून मग चेंबरमध्ये. फिल्टर पंपाच्या तोंडाशी बसलाय, म्हणजे कूलरमधला चुरा फिल्टरला भेटायच्या आधी तुमच्या कोऱ्या बुशना भेटतो. सोसायटीची टाकी घासून धुतात आणि जुन्या पायपातला गंज दुसऱ्या दिवशी तुमच्याच नळाला येतो, तसंच.

ह्याचीच दुसरी बाजू कोणी बोलत नाही. कूलर अर्धा तुंबला तर लोक फक्त तापमानाचा विचार करतात, काटा बघतात, ठीक आहे म्हणतात. पण ल्युब्रिकेशन त्याच वाटेने येतंय ना, प्रवाह कमी म्हणजे प्लॅनेटरीला ऑइल कमी, काट्यावर काहीही दिसो.

बरं, मशीनने ती घाण का निघत नाही? बऱ्याच कूलरच्या आत जाळीसारख्या बारीक पट्ट्या असतात, ऑइल घुसळून भिंतीला लावायला, म्हणजे उष्णता बाहेर जाते. त्याच पट्ट्यांत जळक्या क्लचचा काळा गाळ आणि धातूचा कीस रुतून बसतो. मशीनचा प्रवाह शांत आणि घाण ज्या बाजूने आली त्याच बाजूने, मोरीच्या जाळीत अडकलेले केस वरून पाणी ओतून निघालेत कधी? म्हणून पहिला दाब उलट्या दिशेने द्यायचा, मग सुलट, मग परत उलट.

रेडिएटर फ्लश हा तिसरा प्रकार, तो कूलंटच्या बाजूचा, ऑइलच्या बाजूशी काही संबंध नाही, कूलर रेडिएटरच्या टाकीत बसलेला असला तरी. पुढे.

धुवायला रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन घ्या. पेट्रोल नको, हवेच्या दाबाने त्याचा फवारा उडाला की काय होईल ते सांगायला लागू नये. आणि पाणी तर अजिबात नको!! क्लच प्लेटचं अस्तर कागदी असतं आणि पत्र्यावर चिकटवलेलं असतं, पाण्याने ते सुटतं. हवा दोनेक किलो पुरे, सलग नाही, दाब-सोड दाब-सोड, डोळ्यांवर चष्मा. बाहेर येणारं जुन्या पांढऱ्या बनियनच्या फडक्यातून गाळा, फडकं स्वच्छ येईपर्यंत थांबायचं नाही. मग हवेने सुकवा आणि शेवटी लिटरभर नवं एटीएफ आतून सोडून फेकून द्या. फेकायला जीव जातो लोकांचा, बॉक्सवर एवढा खर्च केल्यावर.

एक खोच आहे. काही गाड्यांत कूलरच्या लाइनवर थर्मल व्हॉल्व्ह असतो, ऑइल गार असलं की तो कूलर टाळून शॉर्टकटने परत पाठवतो. तुम्ही गाळ्यात गार टर्पेंटाइन सोडताय, ते शॉर्टकटने चकाचक बाहेर येतं, तुम्ही खूश, आणि कूलरला थेंब लागलेला नाही. व्हॉल्व्ह काढा नाहीतर सरळ कूलरच्या तोंडाला होज लावा.

सगळं जोडल्यावर परतीचा पाइप बादलीत धरा, इंजिन आयडलवर, घड्याळ लावून 30 सेकंद. जनरल मोटर्सच्या ट्रकच्या बॉक्सना निदान 2 क्वार्ट म्हणजे 1.9 लिटर यायला हवं, तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. 30 सेकंदांवर इंजिन बंद, गेलेलं ऑइल लगेच भरा, नाहीतर पंप कोरडा पडेल. कमी आलं तर कूलरला शिव्या घालायच्या आधी बॉक्समधून निघणाऱ्या पायपावर तेच माप घ्या, तिथेही कमी असेल तर दोष कूलरच्या आधी आहे.

प्लेटा रचलेला कूलर असेल तर मी धुतच नाही, बदलतो. वाटा इतक्या बारीक आणि इतक्या की एक तुंबली तर द्रावण बाजूच्या वाटेने निघून जातं आणि तुम्हाला कळतही नाही. कन्व्हर्टरही धुऊन साफ होत नाही, कापून उघडायचा नाहीतर बदलायचा. आणि कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना रेडिएटर स्वस्तात मिळतो म्हणून उड्या मारू नका, तो कुठल्या गाडीतून निघाला आणि तिचा बॉक्स कशाने गेला ते तुम्हाला माहीत नाही, म्हणजे पैसे देऊन दुसऱ्याचा गाळ विकत घेणं. त्यापेक्षा बाहेरचा, हवेने गार होणारा नवा ऑइल कूलर लावा, फक्त पंख्याची हवा मिळेल अशा जागी, नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये त्याचा उपयोग शून्य. रेडिएटरमधला कूलर थंडीत ऑइल गरमही करतो म्हणतात, खरं आहे, पण मुंबईत कसली थंडी.

मेव्हण्याचा कूलर रविवारी सोडवला. उलट्या बाजूने पहिलाच दाब दिला आणि बनियनवर काळा चिखल, त्यात चमचमणारा कीस. तो काही बोलला नाही, बोटाने चोळून बघत राहिला. बॉक्स परत उतरवलाय, बुश मागवलेत.