करमत नाही, म्हणजे नेमके काय होते?

दोन रात्री रेल्वेत काढून लातूरचा माझा पुतण्या गुवाहाटीच्या आयआयटीत दाखल झाला आणि आठवडा उलटायच्या आतच त्याचा फोन आला. खोली बरी होती, जोरहाटचा रूममेट स्वभावाने मोकळा होता, मेसमध्ये पोट भरत होते. "पण काका, करमत नाही," एवढेच तो म्हणाला. हे क्रियापद मोठे अचूक आहे. 'मी करमत नाही' असे आपण कधी म्हणत नाही, 'मला करमत नाही' असे म्हणतो. म्हणजे करमणे ही माणसाने ठरवून करायची क्रिया नव्हे, ती त्याच्या बाबतीत घडावी लागते. ती घडायला काय काय लागते, याविषयी विज्ञानाला आज बरेच सांगता येते.

या अवस्थेला वैद्यकात पहिल्यांदा नाव मिळाले ते १६८८ साली. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात 'परतणे' आणि 'वेदना' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द घडवला. त्याने नोंदवलेल्या रुग्णांपैकी एक जण बर्नहून बाझेलला शिकायला आलेला तरुण होता. तो तापाने आणि उदासीने इतका खंगला की त्याच्या जगण्याची आशा उरली नव्हती. शेवटचा उपाय म्हणून त्याला घरी पाठवायचे ठरले, तेव्हा नुसत्या तयारीनेच त्याला उतार पडू लागला आणि बर्नला पोचण्यापूर्वी तो पूर्ण बरा झाला. होफरने केलेली मेंदूची मीमांसा आज कोणी मानत नाही, पण घरापासूनची ताटातूट शरीरातही उमटते हे त्याचे निरीक्षण खरेच होते.

शरीरात ती कोठे उमटते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे झोप. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात सुमारे २०,००० चेतापेशींचा एक पुंजका शरीराचे घड्याळ चालवतो. हे घड्याळ स्वतःच्या चालीने २४ तासांपेक्षा किंचित मागे पडते, म्हणून डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने ते रोज जुळवून घ्यावे लागते. आता लातूर आणि गुवाहाटी यांच्यात सुमारे १५ रेखांशांचे अंतर आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने पुरा एक तास. मनगटावरचे घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवते. ऑगस्टच्या आरंभी लातूरला सहाच्या सुमारास उगवणारा सूर्य गुवाहाटीत पाचच्या आधीच वर आलेला असतो आणि नोव्हेंबर संपताना तेथे साडेचारलाच तो मावळतो. आसामच्या चहामळ्यांत घड्याळ तासभर पुढे ठेवण्याची 'चाय बागान' वेळेची जुनी प्रथा आहे, ती याचमुळे. परदेशी गेलेल्या मुलाला वेळ बदलल्याचे विमानातच सांगितले जाते. देशातल्या देशात गेलेल्या मुलाला ते कोणी सांगत नाही, आणि पडद्याविना खिडकीतून पावणेपाचला तोंडावर आलेल्या उजेडाने त्याची झोप का मोडली हे त्याला कळत नाही.

त्यातच वयाची भर पडते. किशोरवयात शरीराची झोपेची वेळ उत्तरोत्तर उशिराकडे सरकत जाते आणि वयाच्या विशीच्या आसपास ती सर्वांत उशिराची असते, असे मोठ्या पाहण्यांतून दिसले आहे. म्हणजे गुवाहाटीतला सूर्य मुलाला लवकर उठवायला पाहतो, त्याचे वय, वसतिगृहातले दिवे आणि हातातला मोबाइल त्याला उशिरापर्यंत जागवतात आणि आठचा तास कोणासाठी थांबत नाही. अपुऱ्या झोपेने मन हळवे होते. त्यामुळे करमत नसल्याच्या दुःखात निव्वळ जागरणाचा वाटा किती, हे आधी तपासावे असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सकाळचा पहिला तास बाहेरच्या उजेडात घालवणे आणि रात्री दिवे मंद करणे, एवढ्याने घड्याळ काही दिवसांत वळणावर येते.

वासाची गोष्ट वेगळी. आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी उघडली तेव्हा त्याला पहिल्यांदा रडू आले. इतर संवेदना मेंदूत थॅलॅमस या टप्प्यावरून पुढे जातात, गंधाचे संदेश मात्र तो टप्पा टाळून भावना आणि स्मृती हाताळणाऱ्या भागांत थेट पोचतात. त्या रडण्यात दुबळेपणा कसलाच नव्हता.

यापुढचे काम माणसांचे, आणि त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाची कोणाशी मैत्री झाली याचा अभ्यास झाला आणि तो १९५० साली प्रसिद्ध झाला. शेजारच्या दाराशी मैत्री जुळण्याचे प्रमाण ४१ टक्के होते, एक दार सोडून २२ टक्के आणि मजल्याच्या दुसऱ्या टोकाशी केवळ १० टक्के. स्वभाव, आवडीनिवडी यांच्याइतकेच जिना कोठे आहे यालाही महत्त्व होते. अलीकडे, २०१८ साली, कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी नवागत विद्यार्थ्यांचाही समावेश असलेल्या पाहणीतून अंदाज मांडला, की ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, खरी मैत्री व्हायला ९० आणि जिवलगपणाला २०० हून अधिक. हा काळ तासाला बसण्याचा किंवा कामाचा नव्हे, तर गप्पांचा आणि हुंदडण्याचा. गावातले मित्र पहिलीपासूनचे असतात, त्यांच्या बाबतीत हे तास कधी भरले ते आठवतही नाही. म्हणून तिसऱ्या आठवड्यात 'माझे इथे कोणीच नाही' असे वाटणे हे निव्वळ गणित आहे. चहाला चल म्हणणाऱ्याला अभ्यासाचे कारण सांगून परत पाठवू नये, एवढे मी पुतण्याला बजावले.

या गणितात एक फसगतही आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाच्या एक हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना विचारले असता ४८ टक्क्यांना वाटत होते, की इतरांना आपल्यापेक्षा अधिक जवळचे मित्र मिळाले आहेत. उलटे वाटणारे ३१ टक्केच होते. इतरांचे हसणे मेसमध्ये सर्वांसमोर होते, रडणे मात्र बंद दाराआड होते.

ही फसगत उघड केली तर काय होते, हे ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ साली दाखवले. अमेरिकेतील एका विद्यापीठात नवागतांना त्यांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले: आरंभी जवळपास सर्वांनाच परके वाटते आणि काळाने ते ओसरते. तासाभराच्या या एका बैठकीनंतर पुढील ३ वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि श्वेतवर्णीयांशी असलेली तफावत जवळजवळ निम्मी झाली. प्रयोग छोटा होता, केवळ ९२ जणांचा. २०२३ मध्ये २२ संस्थांतील सुमारे २७,००० विद्यार्थ्यांवर तो मोठ्या प्रमाणात झाला, तेव्हा परिणाम अधिक माफक आढळला आणि विद्यार्थ्याला सामावून घेण्याची खरी संधी जेथे होती तेथेच तो दिसला. हा निष्कर्ष मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण रुळण्याचा सगळा भार एकट्या मुलावर टाकता येत नाही हे त्यातून सिद्ध होते.

मात्र उदासी दिवसभर टिकून राहिली, झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली किंवा जगणे नको असे विचार येऊ लागले, तर ते करमत नसण्याच्या पलीकडचे असते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. संस्थेतील समुपदेशकाकडे जावे किंवा शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा.

डिसेंबरच्या सुट्टीत पुतण्या लातूरला आला. दुसऱ्या दिवशी सव्वासहाला मी उठलो तेव्हा बाहेरचा अंधार पुरता सरला नव्हता, घरातले सारे झोपेत होते आणि तो स्वयंपाकघरात स्वतः केलेला चहा घेऊन बसला होता. जोरहाटहून रूममेटने नुकताच पाठवलेला अंगणाचा फोटो त्याने मला दाखवला. त्या अंगणात ऊन आले होते.