जुने पुस्तक आणि मूळ साधन

शाळा सुरू झाल्या की इतिहासाच्या शिक्षकांमध्ये एक यादी फिरू लागते : 'मराठ्यांच्या इतिहासाची प्राथमिक साधने, सर्व पीडीएफ मोफत'. यादीत सर्वांत वर हटकून जेम्स ग्रँट डफ, मग मुंबई इलाख्याची गॅझेटियर, मग एक-दोन बखरी आणि तळाशी कुठेतरी इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचे खंड. यादी करणाऱ्याची मेहनत दिसते, पण ती सातवीच्या वर्गात नेली तर 'इतिहासाची साधने' हा पाठ शिकवून काहीच हाती लागत नाही.

भौतिक, लिखित, मौखिक ही वर्गवारी तुम्हाला पाठच आहे, तिच्यात वेळ घालवत नाही. हस्तलिखिताचा फोटो हवा की छापील प्रत, हा वादही शाळेपुरता गैरलागू आहे. मोडी येत नसेल तर बाळबोधीत छापलेले पत्र खुशाल वापरा.

खरा घोटाळा वयाचा आहे. पुस्तक जितके जुने तितके ते 'मूळ', असे आपण धरून चालतो. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ सालचा. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ सालचा. दोहोंत डफ बहात्तर वर्षांनी वडील. तरी पानिपतासाठी डफ दुय्यम आणि राजवाड्यांचा खंड प्राथमिक. डफने कागदपत्रे जमवली, वाचली आणि त्यांवरून आपल्या मते काय घडले ते सांगितले. राजवाड्यांनी १७५० ते १७६१ या काळातली पत्रेच छापली. त्यातून डफच्या पुस्तकाचे कॅप्टन डेव्हिड केपन यांनी केलेले मराठी भाषांतर निघाले 'मराठ्यांची बखर' या नावाने, त्यामुळे नाव पाहून फसणाऱ्याला पुरता दोष देता येत नाही.

आणि राजवाड्यांचा खंड आहे म्हणून कोणतेही पान उघडून चालत नाही. त्याला राजवाड्यांची भलीमोठी प्रस्तावना आहे. ती जोरकस आहे, मला स्वतःला फार आवडते, पण ती राजवाड्यांचे मत आहे, म्हणजे दुय्यम साधन. पत्रे मागे आहेत. एकाच बांधणीत दोन्ही असतात हे लक्षात न आल्यामुळे प्रस्तावनेतला उतारा 'पेशवेकालीन पत्र' म्हणून वर्गात वाचला जातो, आणि ते ऐकून मला खरोखर वाईट वाटते.

मग पत्रात असे काय असते? पानिपतावरचे मराठा सेनापती सदाशिवरावभाऊंनी १७६० मध्ये पेशव्यांचे उत्तरेतले अधिकारी गोविंदपंत बुंदेल्यांना लिहिलेली पत्रे वाचा. ऐवज पाठवा, शत्रूची रसद तोडा, असे तगादे त्यांत आहेत. लिहिणाऱ्याला १४ जानेवारी १७६१, म्हणजे पानिपताचा पराभव, ठाऊक नाही. त्या डिसेंबरात गोविंदपंतच मारले जाणार आहेत, तेही ठाऊक नाही. पुढचे न कळता लिहिलेला हा मजकूर आहे, आणि मुलांना नेमके हेच दाखवायचे असते. याउलट काशीराज पंडित अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता, पानिपतावर हजर होता, पण त्याची फारसी हकीकत सुमारे १७८० सालची. प्रत्यक्षदर्शी म्हणून ती मोलाची, पण शेवट माहीत असलेल्या माणसाने वीस वर्षांनी मागे वळून लिहिलेली. तिला भाऊंच्या पत्राशेजारी त्याच मापाने बसवू नका.

यातही एक पायरी पुढे आहे. साधन प्राथमिक की दुय्यम, हे तुम्ही काय विचारता यावर ठरते. महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजी महाराजांवर पवाडा रचला. सतराव्या शतकात काय घडले यासाठी तो साधन म्हणून चालणार नाही. एकोणिसाव्या शतकातल्या शूद्रातिशूद्रांच्या चळवळीला महाराज कसे दिसत होते, यासाठी तो अव्वल दर्जाचा मूळ ऐवज आहे. डफचेही तेच. साताऱ्याला कंपनीचा अधिकारी असलेला माणूस हरलेल्या राज्याचा इतिहास कसा लिहितो, हा प्रश्न आठवीत विचारा, मग डफ प्राथमिक.

शोधायचे कुठे, ते थोडक्यात. राजवाड्यांचे खंड आणि इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० च्या दशकात छापलेले पेशवे दफ्तराचे, म्हणजे पेशव्यांच्या कारभारातल्या निवडक कागदांचे, ४५ भाग आर्काइव्ह डॉट ऑर्गवर मिळतात. पानिपताची पत्रे दफ्तराच्या दुसऱ्या भागात आहेत. तिथली नावे रोमन लिपीत वेडीवाकडी टाइप केलेली असतात, खंडाचा क्रमांक बरेचदा गाळलेला असतो, म्हणून 'राजवाडे' दोन-तीन स्पेलिंगांनी शोधा आणि आतले मुखपृष्ठ पाहिल्याशिवाय उतरवून घेऊ नका. राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' चांगले आहे, पण तिथे मुख्यतः कंपनी आणि ब्रिटिश सरकारचे इंग्रजी कागद; आठवीला उपयोगी, सातवीला फारसे नाही.

तारखांबद्दल मात्र जागरूक राहा. पुष्कळ पत्रांत 'छ' लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र (म्हणजे तारीख) तेवढा दिलेला असतो, साल नसते. छापील पानावरची इंग्रजी तारीख संपादकाने काढलेली असते. पत्र प्राथमिक, वर छापलेली तारीख संपादकाची. आणि अशा काही तारखा पुढच्या अभ्यासकांनी बदलल्याही आहेत.

पन्नास लिंकांची यादी मला नकोच आहे. भाऊंचे एक पत्र, काशीराजाचा एक उतारा, डफचा एक परिच्छेद, तिन्ही नावे झाकून मुलांना द्या आणि विचारा : कोणी लिहिले, कोणाला, कधी, आणि शेवट त्याला माहीत होता का? पाठटाचणात लिंकेऐवजी खंड आणि पत्राचा क्रमांक लिहा. लिंका मरतात, क्रमांक पुढच्या वर्षीही सापडतो.