चार सूत, तेरा नंबर आणि गाडीचे घोडे

धुळ्यात मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेला एका गॅरेजात मी लहानपणी तासन्‌तास बसायचो. उस्ताद जुन्या जीपखाली आडवे पडून हात बाहेर काढायचे आणि म्हणायचे, "चार सूत दे रे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे चार सूत हा अर्ध्या इंचाचा पाना. ती जीप मूळची अमेरिकन घडणीची, तिचे बोल्ट इंचातले. पोराला तो पाना सापडला नाही की तो तेरा नंबर, म्हणजे तेरा मिलिमीटरचा पाना, पुढे करायचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यामुळे तेराचा पाना बसायचा, पण किंचित ढिला. जोर लावला की बोल्ट गोल. मग उस्तादांच्या शिव्या आणि छिन्नी-हातोडा.

गाडीच्या ताकदीच्या आकड्यांतही अशीच ढिलाई आहे, आणि ती फार जुनी आहे.

जेम्स वॉटला आपलं वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाइकं घोड्यांनी कामं करून घेत होती. म्हणून त्याने हिशोब बांधला: ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचललं की एक अश्वशक्ती. आजच्या मापात ही सुमारे ७४६ वॅट. पुढे युरोपात मेट्रिक पद्धत रुजली तेव्हा जर्मनांनी घोडा ठेवला, पण तो किलो-मीटरात बसवला: ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर. ही झाली ७३५.५ वॅट. म्हणजे नाव घोड्याचंच, पण घोडा जरासा लहान.

आपल्याकडच्या माणसाला हे तोळ्यावरून चटकन कळावं. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले, १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले आणि १९६२पर्यंत शेर-मण कायद्याने बाद झाले. तरी जळगावच्या सराफ बाजारात आजही तोळाच बोलतात, फक्त आता तो दहा ग्रॅमचा समजतात.

कंपन्यांच्या पत्रकात जर्मन घोडा 'पीएस' या नावाने येतो आणि इंग्रजी घोडा 'बीएचपी' या नावाने. १२० पीएस म्हणजे ११८ बीएचपी, म्हणजेच ८८ किलोवॅट. इंजिन तेच. मागच्या वर्षी शिरपूरचा माझा मावसभाऊ दोन जाहिराती शेजारी ठेवून "हिच्यात दोन घोडे जास्त" म्हणत होता. एक आकडा पीएसमधला होता, दुसरा बीएचपीमधला. ज्या माणसाला कर्ज काढून गाडी घ्यायची आहे, त्याला हा फरक विक्रेत्याने स्वतःहून सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

इंग्लंडात तर घोड्यावर करच होता. १९१०च्या सुमारास तिथे अश्वशक्ती ठरवायचं सूत्र आलं आणि त्यात फक्त सिलिंडरचा व्यास आणि सिलिंडरची संख्या धरली. पिस्टन किती लांब धावतो हे मोजलंच नाही. कर वाचवायला कारखान्यांनी अरुंद, लांब धावेची इंजिनं बनवली. ऑस्टिन सेव्हन या गाडीच्या नावातला सात हा त्या कराच्या घोड्यांचा. माप चुकीचं धरलं की इंजिनाचा आकारही त्याच्यामागे जातो! अमेरिकेत वेगळीच गोष्ट. तिथे इंजिन पंखा-अल्टरनेटर-सायलेन्सर काढून मोजत. १९७२च्या सुमारास ही पद्धत बदलली, हे सगळं लावून मोजू लागले आणि कागदावरचे घोडे एकदम घटले. काही इंजिनांत खरा बदल काहीच नव्हता.

वेगाचंही तेच. गाडी थांबलेली असताना ताशी साठच्या वेगाला किती सेकंदांत पोचते, ही शून्य ते साठची कसोटी मैलांची. साठ मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर. आपल्याकडे शून्य ते शंभर मोजतात. वरचे साडेतीन किलोमीटर गाठायला थोडा वेळ लागतोच, आणि मध्येच गिअर टाकावा लागला तर आणखी. टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पूर्वी किलोग्रॅम-मीटरमध्ये लिहीत, आता न्यूटन-मीटरमध्ये. म्हणून जुना २० आणि नवा १९६ एकच.

मग खान्देशात घोडा का टिकला? माझ्या मते विहिरीमुळे. रावेर-यावलकडच्या केळीला पाणी देणारी मोटर पाच एच.पी.ची, ट्रॅक्टर पस्तीस-चाळीस एच.पी.चा, आणि मीटर नसलेल्या शेतीपंपाचं बिलही एच.पी.वरच. मोटरच्या पाटीवर ३.७ किलोवॅट आणि ५ एच.पी. शेजारीशेजारी कोरलेले असतात. वाचला जातो तो पाच. मैल गेला, गॅलन गेला, "गाडी कितला अ‍ॅव्हरेज देस?" याचं उत्तर लिटरला किलोमीटरमध्ये येतं. पण हवा भरताना पंपावरचा पोरगा "बत्तीस?" विचारतो तो पौंडांतच. आणि टायरवर हात फिरवून बघा: १६५/८० आर १४. रुंदी मिलिमीटरमध्ये, रिम इंचात, एकाच रबरावर.