डोंगर दिसला नाही तरी

जुन्नरकडे भटकणाऱ्यांना शिवनेरी, हडसर, चावंड पाठ असतात. पण ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, याच जुन्नर भागातल्या एका डोंगरावर अलितालिया या इटालियन कंपनीचं डीसी-८ प्रवासी विमान आदळलं होतं, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. बँकॉकहून मुंबईला येणारे ९४ जण त्यात गेले. मुंबई जवळ आली अशा समजुतीने वैमानिकांनी विमान वेळेआधीच खाली आणलं होतं.

उंची दाखवणारं यंत्र विमानात असतंच, मग असं कसं होतं? ते यंत्र हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतं. त्यावर ४००० फूट दिसत असतील, तर मुंबईच्या समुद्रावर निर्धास्त राहावं. लोहगावची धावपट्टीच सुमारे १९०० फुटांवर आहे, तिथे निम्मी उंची आधीच संपलेली असते. आणि सिंहगडाचा माथा ४३०० फुटांवर, म्हणजे विमानाच्याही वर!

यावर उपाय म्हणून डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने रेडिओ अल्टिमीटरचा, म्हणजे खालच्या जमिनीपासूनची उंची मोजणाऱ्या यंत्राचा, आधार घेतला. रेडिओलहर खाली सोडायची, परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, आणि जमीन फार वेगाने जवळ येऊ लागली तर ओरडायचं. डिसेंबर १९७४ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या डोंगरावर विमान आदळून ९२ जण दगावल्यावर अमेरिकेने ही यंत्रणा सक्तीची केली.

तिची खोड एवढीच, की ती फक्त पायाखाली बघते. कोकणातून घाटाकडे निघालात तर बराच वेळ खाली सपाट भातखाचरं, आणि मग एकदम कडा. अशा ठिकाणी इशारा मिळतो तो अगदी शेवटच्या घटकेला. २० डिसेंबर १९९५ च्या रात्री कोलंबियात काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांना जेमतेम बारा सेकंद मिळाले. त्यांनी लगेच पूर्ण ताकद दिली, नाक वर उचललं. पण खाली उतरताना पंखांवर उघडलेले स्पीडब्रेक (हवा अडवून विमानाला रोखणाऱ्या झडपा) मिटायचे राहिले. १५९ जण गेले. ते मिटले असते तर कदाचित डोंगर ओलांडता आला असता, असं तपासात दिसलं.

आता जीपीएस आणि जगाच्या उंचसखलपणाचा डिजिटल नकाशा जोडीला असतो. सोव्हिएत संघ कोसळल्यावर बेटमनच्या चमूने तिकडचे नकाशेही मिळवले; मला या साऱ्यातला हा सगळ्यात गमतीचा भाग वाटतो. त्यामुळे यंत्रणा पुढचं पाहते. साधारण मिनिटभर आधी सावध करते, अर्धा मिनिट उरला की ‘टेरेन, टेरेन, पुल अप’, म्हणजे ‘पुढे जमीन आहे, विमान वर घ्या’.

स्वच्छ दिवसा, डोंगर कुठे आहे हे डोळ्यांना नक्की दिसत असेल, तर इशारा खरा की खोटा हे ठरवायची वैमानिकाला थोडी मोकळीक असते. रात्री ती नाही. काळोख्या रानापलीकडे फक्त धावपट्टीचे दिवे दिसत असतील, तर आपण फार उंच आहोत असा भास होतो आणि हात नकळत विमान आणखी खाली नेतो. म्हणून ‘पुल अप’ ऐकलं की चर्चा बंद. ऑटोपायलट काढायचा, इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, पंख समतल करायचे (विमान कललेलं असेल तर उचलणारं बळ आडवं वाया जातं), नाक वर उचलायचं, स्पीडब्रेक मिटलेत ना ते बघायचं. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या) आणि चाकांना हात लावायचा नाही. इशारा खोटा होता का, ते सुरक्षित उंची गाठल्यावर तपासायचं.