व्याख्यानाच्या सभागृहात कुणाला जागा होती?

आपल्या काळातल्या मोठ्या प्रश्नांवर जाणकार बोलणार असेल, तर कुणीही जाऊन ऐकावं, हे आज आपण गृहीत धरतो. हा हक्क मात्र तुकड्या-तुकड्यानं आणि बरंच सोसून मिळालेला आहे.

लंडनची रॉयल इन्स्टिट्यूशन ही विज्ञानसंस्था १७९९ची. तिथे हम्फ्री डेव्हीची रसायनशास्त्रावरची व्याख्यानं ऐकायला उच्चभ्रू मंडळी लोटत. १८१२ साली त्याच गर्दीत पुस्तकबांधणीच्या दुकानात काम शिकणारा एक तरुण बसला होता, पुढे थोर वैज्ञानिक झालेला मायकेल फॅरेडे. दुकानातल्या एका गिऱ्हाइकानं तिकिटं दिली म्हणून त्याला शिरकाव मिळाला. चार व्याख्यानांची टिपणं त्यानं आकृत्यांसह नीट लिहून काढली, स्वतःच्या हातांनी बांधली आणि डेव्हीला पाठवली. १८१३मध्ये तो तिथे प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला. तिकिटं मिळाली नसती तर? आणि ती न मिळालेले किती असतील!

जर्मन निसर्गवैज्ञानिक अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टनं १८२७-२८च्या हिवाळ्यात बर्लिनच्या सिंगअकादमी या गायनसंस्थेच्या सभागृहात निसर्गविज्ञानावर विनामूल्य व्याख्यानं दिली. तिथल्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नव्हता. या सभागृहात त्या मोठ्या संख्येनं आल्या. या इतिहासातला हा टप्पा मला फार मोलाचा वाटतो.

अमेरिकेत १८२६पासून गावोगावी ‘लायसियम’ नावाची व्याख्यानमंडळं उभी राहिली. विज्ञान, प्रवास, इतिहास हे विषय चालत. पण त्या काळातला सगळ्यात ज्वलंत प्रश्न गुलामगिरीचा होता आणि तिच्याविरुद्ध बोलणाऱ्यांना सभागृहंच मिळेनात. म्हणून त्यांनी फिलाडेल्फियात वर्गणी काढून स्वतःचं ‘पेनसिल्व्हेनिया हॉल’ बांधलं. १४ मे १८३८ला उद्घाटन झालं. १६ तारखेला गुलामगिरीविरोधी कार्यकर्त्या अँजेलिना ग्रिमके बोलायला उभ्या राहिल्या. बाहेरून दगड येत होते, काचा फुटत होत्या, तरी त्या तासाभराहून अधिक बोलल्या. दुसऱ्या रात्री जमावानं ती इमारत पेटवली. आगीचे बंब आले, पण पाणी मारलं ते शेजारच्या घरांवर.

लायसियमचेही दरवाजे सगळ्यांना सारखे नव्हते. १८४५मध्ये न्यू बेडफर्डच्या लायसियमनं कृष्णवर्णीयांना सभासद करून घ्यायचं नाकारलं, तेव्हा अमेरिकन लेखक-विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सननं तिथे बोलायला जायचंच नाकारलं.

पुढे रेडिओनं तिकिटाचा प्रश्न मिटवला. बीबीसी या ब्रिटिश प्रसारण संस्थेची ‘रीथ व्याख्यानं’ ही रेडिओवरची व्याख्यानमाला १९४८ साली तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलपासून सुरू झाली, आणि घरबसल्या कुणालाही ती ऐकता येऊ लागली. २००६पासून ‘टेड’ (TED) या अमेरिकन संस्थेच्या परिषदांमधली भाषणं इंटरनेटवर मोफत आली. एका भाषणाला साधारण १८ मिनिटांची मर्यादा.

ऐकणारे अफाट वाढले, पण वक्त्याला तिथल्या तिथे अडवून ‘हे कशावरून?’ असं विचारायची सोय यात राहिली नाही. पुढच्या काळात रीथ व्याख्यानं श्रोत्यांसमोर होऊ लागली आणि त्यांचे प्रश्नही प्रसारित होऊ लागले. अनेकदा खरी चर्चा त्या प्रश्नांपासूनच सुरू होते.